सिकंदराची हरवलेली कबर

बियास नदीच्या तीरावरून इ. स. पूर्व ३२६ मध्ये ज्याचे सैन्य माघारी वळले, तो सिकंदर स्वदेशी पोहोचलाच नाही. इ. स. पूर्व ३२३ मध्ये बाबिलोन येथे, वयाच्या ३३व्या वर्षी त्यास मृत्यू आला. आपणांसारख्या परमुलखी राहणाऱ्यांस त्यापुढील हकीकत विशेष जाणवेल. त्याचे शव मिरवणुकीने निघाले असता टॉलेमी या सरदाराने ते वाटेतच ताब्यात घेऊन इजिप्तला नेले. ज्याच्यापाशी राजाचे शव, त्याचा गादीवर हक्क, असा तो हिशेब होता. प्रथम मेंफिस व नंतर अलेक्झांड्रिया येथे त्यास विसावा मिळाला.

ही कबर कोणी लपविली नव्हती, हे ध्यानी घ्यावे. ती भर शहरात होती. पुढे एका टॉलेमी राजाने पैशाच्या निकडीपायी सोन्याची शवपेटी काढून काचेची बसविली. इ. स. पूर्व ४८ मध्ये ज्युलियस सीझर तेथे गेला. इ. स. पूर्व ३० मध्ये ऑगस्टस गेला. त्याचा हात लागून शवाच्या नाकाचा तुकडा मोडला, असे इतिहासकार डिओ लिहितो. (खरेखोटे तोच जाणे!) इ. स. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅला याने आपला झगा व कमरपट्टा तेथे वाहिला. त्यानंतर वृत्तांत आटतात. ३६५ साली भूकंप झाला व समुद्र शहरात शिरला. इ. स. ४०० च्या सुमारास धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टम, ती कबर कोठे आहे ते सांगा, असे विचारू लागला होता. दोनशे वर्षांत एवढी वास्तू गावाच्या स्मरणातून गेली!

नेपोलियनच्या लोकांना १७९८ च्या स्वारीत अत्तारीन मशिदीत एक भव्य दगडी शवपेटी आढळली. इंग्रजांनी ती लंडनला नेली व सिकंदराची म्हणून तिचा गाजावाजा झाला. पुढे चित्रलिपी वाचता येऊ लागल्यावर तीवर दुसऱ्या नेक्टानेबो या फराओचे नाव निघाले. तथापि हा राजा परागंदा झाल्याने पेटी रिकामीच राहिली आणि टॉलेमीने ती सिकंदरासाठी वापरली, असा तर्क काही अभ्यासक करतात. आम्हांस तो अगदीच टाकाऊ वाटत नाही.

ट्रॉय उजेडात आणणारा श्लीमान १८८८ मध्ये नबी दानियाल मशिदीखाली खणावयास निघाला, परंतु परवानगी मिळाली नाही. परवानगीच्या कागदांतच नोकरी घालविलेल्या आम्हांस त्याची तडफड कळते. पण भाविकांच्या प्रार्थनास्थळाची जमीन उकरू न देणाऱ्यांचीही बाजू कळते. शेजारच्या कोम अल-दिक्का भागात १९६० पासून पोलिश संशोधकांनी उत्खनन केले. रोमन प्रेक्षागृह व स्नानगृहे मिळाली, कबर नाही. १९९५ मध्ये सिवा येथील शोधाची वार्ता गाजली, ती तज्ज्ञांनी मान्य केली नाही.

ग्रीक संशोधिका कॅलिओपी लिम्नेओस-पापाकोस्टा यांनी २००७ पासून शल्लालात उद्यानात खणण्यास आरंभ केला. २००९ मध्ये त्यांना सिकंदराचा मानला जाणारा संगमरवरी पुतळा सापडला. जुने शहर आजच्या वस्तीखाली खोल गेले आहे आणि तेथवर पोहोचण्याआधीच जमिनीतून पाणी लागते. म्हणून कुदळीइतकेच काम त्यांना पंपांकडून घ्यावे लागले.