दक्षिणापथ आणि प्रतिष्ठानचा मार्गसंगम

प्राचीन महामार्गाचा विचार करताना नकाशावर दोन नगरे एका रेषेने जोडून समाधान मानण्याची प्रवृत्ती आढळते. मार्गाच्या इतिहासाचे मर्म मात्र तो जेथे फुटतो त्या स्थळी शोधावे लागते. दक्षिणापथावरील प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, हे असे स्थळ होय.

सुत्तनिपातातील पारायणवग्गात गोदातीरी राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य बुद्धदर्शनास निघतात. त्यांचा मार्ग प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत असा श्रावस्तीपर्यंत सांगितला आहे. प्रतिष्ठानहून पश्चिमेकडील शाखा जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण व सोपारा या बंदरांस मिळे. पूर्वेकडील शाखा तगरास जाई. तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले.

नाणेघाटातील नागनिकेचा लेख व पाण्याची टाकी पाहता सातवाहनांना या घाटाचे किती महत्त्व वाटत होते ते स्पष्ट होते. असे असूनही इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार पैठणचे मौल्यवान खडे व तगरचे कापड गाड्यांतून, बिकट वाटांनी, भडोचला जात असे. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या. जवळचे कल्याण सोडून हा महिन्याचा प्रवास कशासाठी?

उत्तर त्याच ग्रंथात आहे. कल्याण संदनेसच्या हाती गेल्यापासून तेथील व्यापारास प्रतिबंध झाला होता. तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे विश्रामस्थाने बांधली, तसेच तापी, दमण इत्यादी नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केली, असे नाशिकचा लेख सांगतो. या कृत्यांत धर्मबुद्धी होतीच. पण त्यांमुळे क्षत्रपांच्या मुलखातील वाटा प्रवाशांस सुगमही झाल्या.

तात्पर्य, बंदर अडले तरी दक्षिणापथावरील वाहतूक थांबली नाही. पैठणला तिने वाट बदलली. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये जोगळटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उठविली होती. सातवाहन-क्षत्रप संघर्ष केवळ भूमीसाठी झाला असे मानणे त्यामुळे अपुरे ठरते. पैठणचा माल कोणत्या शाखेने समुद्रास जावा, हाही त्या संघर्षातील एक प्रश्न होता. म्हणूनच या काळातील लेख व नाण्यांचे साठे राजवंशांच्या क्रमाने मांडले जातात, तसे ते मार्गांच्या फाट्यांनुसारही मांडून पाहणे अगत्याचे आहे.