विषास औषध म्हणतां

आमच्या छत्रपति संभाजीनगरच्या परिसरांत कपाशीवर कीटकनाशक फवारण्यास 'औषध मारणें' म्हणतात. विषास औषध समजण्याची ही चूक एकट्या शेतकऱ्याची नव्हे. एके काळीं साऱ्या जगानें ती केली आहे.

डी. डी. टी. प्रयोगशाळेंत तयार झालें १८७४ सालीं; त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं ओळखला. त्यानें हिंवतापास व टायफसला आळा बसला, आणि १९४८ सालीं म्यूलर यांस वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें कीटक तें विष पचवूं लागले. पक्ष्यांस मात्र तें बाधलें. रेचल कार्सन यांनीं १९६२ सालीं हें जगापुढें मांडलें.

आपल्याकडे १९५८ सालीं केरळांत कीटकनाशक मिसळलेल्या पिठानें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. १९६८ सालीं कायदा झाला. डब्यांवर विषाची रंगीत खूण आली. तरीही २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशींत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले.

पाठीवर पंप घेणारा मजूर डब्यावरील खूण पाहतोच असें नाहीं. तो मालकाचा शब्द ऐकतो. तो शब्द 'औषध' असेल, तर तोंड झांकण्याची गरज त्यास कां वाटावी? मुखवटा व हातमोजे मालकानें द्यावेतच; परंतु त्याआधीं विषास विष म्हणावें.