कडुनिंबाचे एकस्व

धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला टाकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ती कोणाची, हे कोणी विचारले नाही. १९९४ साली मात्र असा प्रश्न उभा राहिला. कडुनिंबाच्या तेलाने झाडांवरील बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीचे एकस्व, म्हणजेच पेटंट, युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना दिले.

हे एकस्व झाडावर नव्हते. विशिष्ट द्रावकाने बियांतून काढलेले तेल बुरशीवर वापरण्यापुरतेच ते होते. एकस्व हा एक सौदा असतो: संशोधक आपली युक्ती उघड करतो आणि त्याबदल्यात समाज त्याला वीस वर्षांपर्यंत मक्तेदारी देतो. पण युक्ती समाजाला आधीच ठाऊक असेल तर?

१९९५ साली वंदना शिवा, युरोपीय संसदेच्या सदस्या माग्दा आल्वोएत आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी हरकत घेतली. असा अर्क आपण पूर्वीच काढला होता, अशी साक्ष पुण्याच्या एका कारखानदाराने दिली. २००० साली एकस्व रद्द झाले. अपील फेटाळले जाण्यास ८ मार्च २००५ उजाडला.

अमेरिकेत हीच साक्ष उपयोगी पडली नसती. परदेशातील केवळ वापर तेथील कायदा जमेस धरत नसे. छापील पुरावा लागे. ही अट २०१३ साली गेली.

युरोपातला निकालही ‘यात नवे काय?’ या कसोटीवर लागला. ज्ञान जपणाऱ्यांचा वाटा किती, हा प्रश्न राहिलाच. १९९२ च्या जैवविविधता कराराने लाभाची न्याय्य वाटणी मान्य केली होती. पण १९९५ पासून लागू झालेल्या ‘ट्रिप्स’ या बौद्धिक संपदेच्या करारात वनस्पती कोठली, हे अर्जदाराने सांगण्याची अट नव्हती. भारताने २००२ च्या जैविक विविधता कायद्याने पूर्वपरवानगी आवश्यक केली. मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे संमत झालेल्या करारात मूळ स्थान उघड करण्याची अट आली. लाभाची वाटणी मात्र त्यात बंधनकारक नाही.

घरातील वडीलधाऱ्यांकडून कडुनिंबाचे उपयोग विद्यार्थ्यांना लिहून आणायला सांगावे. त्यांतले छापील किती आणि तोंडी किती, हे मोजले की या लढ्याला दहा वर्षे का लागली ते त्यांना समजेल.