बत्तीस बोअर

शाहूपुरीतले एक गुळाचे व्यापारी माझ्या परिचयाचे आहेत. २०२३ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते छत्री झटकतच घरी आले. हंगामात रोकड घेऊन प्रवास करावा लागतो म्हणून त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला होता. चहाचा कप हातात घेत ते म्हणाले, "सर, तुम्ही जुनी कागदं चाळत असता. घरात ठेवायला आणि जवळ बाळगायला लहानसं पिस्तूल कुठलं बरं पडेल?"

मी हसलो. माझ्या घरात लोखंडी वस्तू म्हणजे अडकित्ता आणि विळी. जुन्या कागदांचा नाद मला आहे हे खरे, पण आयुष्यात मी घोडा दाबलेला नाही. तरी प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्याचा माग काढता काढता मी भलत्याच ठिकाणी पोहोचलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आपल्याकडे निवड फारशी नसतेच. ती कायद्याने आधीच करून ठेवली आहे. शस्त्रांचे दोन वर्ग आहेत: निषिद्ध बोअर आणि अनिषिद्ध बोअर. लष्कर आणि पोलीस वापरतात ती नऊ मिलिमीटरसारखी काडतुसे सामान्य माणसाला बंद. हातात धरायच्या शस्त्रांत त्याच्या वाट्याला मुख्यतः येते ते बत्तीस, म्हणजे ०.३२ इंच. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयातही थांबली. त्यामुळे बराच काळ एक तर कुणाच्या तरी आजोबांचे वेब्ली, कोल्ट किंवा ब्राउनिंग वारसांकडून भरमसाट किमतीला घ्यायचे, नाही तर सरकारी आयुध निर्माणीचे 'अशनी' पिस्तूल घ्यायचे. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' आणले. दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीने, खास स्त्रियांसाठी म्हणून. अर्धा किलो वजन आणि सव्वा लाखाच्या आसपास किंमत. ज्या बाईला रात्री शेवटच्या बसने घरी जायचे असते तिला सव्वा लाख कुठून परवडणार, हे कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

निर्भीक हे रिव्हॉल्व्हर आहे, पिस्तूल नव्हे. बोलताना आपण दोन्ही एकच समजतो. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात बसतात, म्हणून त्याला पोट असते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात ती मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवी गोळी नळीत भरतो. म्हणून ते चपटे असते, कोटाच्या खिशात दिसत नाही. घात होतो तोही इथेच. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे घरच्यांना वाटते, आणि नळीत एक गोळी बसलेलीच असते. दोन्ही 'बत्तीस'च, पण रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब, पिस्तुलाचे आखूड. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. पिस्तुलाचे बत्तीस म्हणजेच युरोपातले ७.६५ मिलिमीटर. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

परवाना ही चीजच आपल्या भागात बंडातून आली. १८४४ मध्ये सामानगडाच्या गडकऱ्यांनी उठाव केला, तो पन्हाळ्यापर्यंत पसरला. इंग्रजांनी तो मोडला आणि पन्हाळ्याचा चार दरवाजाही पाडला. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरातली सत्ताविसावी पलटण उठली. पुढे चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवले गेले. त्याच वर्षी हत्यारे नोंदवा, परवाना घ्या, असा कायदा निघाला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी ती द्यायला नकार दिला. शिकारीवर आणि राखणदारीवर जगणारी माणसे ती. गाव जाळले गेले, माणसे फासावर गेली. पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्यात हिंदी माणसाला परवाना आवश्यक आणि गोऱ्याला सूट. पुढचा सगळा इतिहास या एका कलमाच्या सावलीत घडला असे माझे मत आहे.

याच काळात अमेरिकेतल्या युटाह प्रांतात जॉन मोझेस ब्राउनिंग नावाचा बंदूकवाल्याचा मुलगा खटपट करत होता. त्याचे खिशातले पिस्तूल बेल्जियममधल्या लीएजजवळच्या एफ. एन. कारखान्याने बनवायला घेतले. त्यासाठीच ७.६५ चे काडतूस तयार झाले. १९०० सालचे हे मॉडेल सात गोळ्यांचे. युद्धासाठी ते दुबळे, पण अंगरख्याखाली लपवायला आणि दोन हातांवरून झाडायला पुरेसे. जाहिराती घरमालकांसाठी आणि प्रवाशांसाठी होत्या, पण इतिहासात नाव झाले ते दुसऱ्याच गिऱ्हाइकांमुळे. १९०४ मध्ये फिनलंडचा रशियन गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह याच पिस्तुलाने मारला गेला. २६ ऑक्टोबर १९०९ ला हार्बिन स्थानकावर कोरियाच्या आन जुंग-गुनने जपानच्या इतो हिरोबुमीवर ते चालवले.

आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नाशिक. १९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मुंबईत उतरला. त्याच्या पेटीला दुहेरी तळ होता आणि त्या तळात सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले होती. रिव्हॉल्व्हर असती तर त्या तळात किती मावली असती? पिस्तुलाचा चपटेपणा असा कामाला आला. २१ डिसेंबरच्या रात्री विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. देवल आमच्या शेजारच्या सांगलीकडचे, हरिपूरचे; त्यांचे नाटक या रात्रीशी कायमचे जोडले गेले. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. पण बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली त्या प्रकरणात त्यांचा हात असल्याचा क्रांतिकारकांना राग होता. अनंत कान्हेऱ्याने अगदी जवळून गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले. अमीन माफीचा साक्षीदार झाला, आणि ती पेटी सावरकरांच्या दुसऱ्या जन्मठेपेचा आधार ठरली.

कान्हेऱ्यांच्या धाडसाविषयी मला शंका नाही. मी फक्त वस्तूकडे बघतो आहे. जी गोष्ट 'स्वतःच्या रक्षणासाठी, सहज जवळ बाळगता येते' म्हणून विकली जाते, तिचा तोच गुण समोरच्याला सावध होऊ देत नाही. हे दोन गुण वेगळे काढता येत नाहीत.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत वापरले गेले ते इटालियन बेरेटा. त्याचे काडतूस आखूड नऊ मिलिमीटरचे, म्हणजे ब्राउनिंगच्याच घराण्यातले. त्या तीन गोळ्यांची आग कोल्हापुरापर्यंत आली. इथे घरे जळली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळला. पिस्तुलाचा पल्ला काही यार्डांचा असतो असे पुस्तकांत लिहिलेले असते. ते पूर्ण खरे नाही.

आता तो आकडा. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई फिरून घरी परतत होते. सागरमाळ भागात, घराजवळच, मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. २० तारखेला पानसरे गेले. काडतुसे ७.६५ मिलिमीटरची होती. पुण्यात दाभोलकर, धारवाडला कलबुर्गी, बंगळुरूत गौरी लंकेश, सगळीकडे तोच आकडा आणि गावठी बनावटीची पिस्तुले. सरकारने दुबळे म्हणून नागरिकांसाठी सोडलेले ते हेच बत्तीस. 'शिवाजी कोण होता?' लिहिणाऱ्या माणसाला मारायला त्याहून जास्त ताकद लागली नाही. तो रोज ठरल्या रस्त्याने चालत होता, आणि हात-दोन हातांवर काडतुसाच्या दुबळेपणाला काही अर्थ उरत नाही. मारेकऱ्यांनी परवान्याचा अर्ज भरला नव्हता, हे सांगायला नको.

मी हे सगळे त्या व्यापाऱ्यांना सांगितले. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "सर, पानसरे अण्णांच्या खिशात पिस्तूल असतं तर?"

या प्रश्नाचे उत्तर मी पुष्कळ दिवस शोधले. मागून आलेल्या मोटारसायकलीला किती क्षण लागतात याचा हिशेब करून पाहिला. अण्णा ते खिशात बाळगते, असे मला वाटत नाही, एवढेच मी बोललो.

शेवटी त्यांनी 'अशनी' घेतले. आठ गोळ्यांचे. नियमाप्रमाणे प्रशिक्षणाचा दाखला आणला, सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून दिली. घरी तिजोरीत पिस्तूल एका कप्प्यात, काडतुसे दुसऱ्या कप्प्यात. कारण नातू सहा वर्षांचा आहे. चोर आलाच तर किल्ली शोधून दोन्ही कप्पे उघडेपर्यंत तो थांबेल का, हे मी विचारले नाही; त्यांनाही ते कळत असावे. सार्वजनिक ठिकाणी मिरवायची मनाई आहेच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नाच्या वरातीत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधी एका परवान्यावर तीन शस्त्रे चालत, आता दोन.

खरी नेमबाजी कोल्हापूरने दुसऱ्याच वाटेने कमावली, हे मात्र सांगायला हवे. राही सरनोबतने २०१३ मध्ये विश्वचषकात पिस्तुलाचे पहिले भारतीय सुवर्णपदक आणले आणि २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण. तिचा प्रकार पंचवीस मीटरचा, काडतूस बावीस बोअरचे. ते पिस्तूल खिशात मावत नाही. मूठच एवढी मोठी असते. ते लपवण्यासाठी बनवलेलेच नाही.

राधानगरी, भुदरगडकडे गव्यांसाठी, रानडुकरांसाठी शेतकऱ्यांकडे ठासणीच्या आणि बारा बोअरच्या बंदुका आहेत. निवडणूक आली की त्यांतल्या कितीतरी पोलीस ठाण्यात जमा होतात, आणि रानडुकरांना आचारसंहिता लागू नसते. २०२४ मध्ये लोकसभेचे मतदान ७ मेला झाले, विधानसभेचे २० नोव्हेंबरला. आमच्या व्यापाऱ्यांनाही दोन्ही वेळा जमा करण्याची नोटीस आली. दुसऱ्या वेळी मीच त्यांच्या स्कूटरवर मागे बसून ठाण्यात गेलो. ऐन गुळाचा हंगाम. हवालदाराने नंबर टिपला, कापडी पिशवीला चिठ्ठी बांधली आणि पावती दिली. परत येताना ते म्हणाले, "आज रात्री झोप बरी लागंल बघा."

पावती त्यांनी वरच्या खिशात ठेवली होती. ती बाहेरून दिसत होती.