गिरगाव : वाड्या, चाळी आणि कलेचे सामाईक अंगण

दक्षिण मुंबईत चौपाटीच्या वाळूपासून काळबादेवीच्या बाजारपेठेपर्यंत जी दाट वस्ती पसरली आहे, ती गिरगाव या नावाने ओळखली जाते. चर्नी रोड आणि ग्रँट रोड ही पश्चिम रेल्वेची स्थानके तिला जवळची आहेत. मराठी नाटक, शास्त्रीय संगीत, चित्रपट, ग्रंथव्यवहार आणि सार्वजनिक उत्सव यांच्या इतिहासात या लहानशा वस्तीचे नाव पुन्हा पुन्हा येते. तिच्याच कुशीत ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबे आणि तिला लागून असलेल्या कॅव्हेल व धोबीतलाव भागात गोवेकर कॅथलिक समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे.

एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात जेथे माणसांनाच जागा पुरत नव्हती, तेथे कलेला जागा कशी मिळाली, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते त्याचे उत्तर गिरगावच्या रचनेतच आहे. येथे घर आणि रस्ता यांच्यामध्ये नेहमीच एक तिसरी जागा होती : चाळीची गॅलरी, वाडीचे अंगण, क्रुसापुढील मोकळा चौक, कुडाचे सामाईक दालन. ती कोणा एकाची नव्हती, म्हणून सर्वांची होती. गिरगाव आज बदलत असताना नेमकी हीच जागा आक्रसत आहे.

वाड्यांचे गाव

येथील जुनी नावे पाहिली की या भूमीचे मूळ रूप डोळ्यांपुढे उभे राहते. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट ही सारी नावे बागाईत आणि शेतीची आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढू लागली, गिरण्या, गोदी, कचेऱ्या आणि छापखाने यांत कामाला कोकण आणि देशावरून माणसे येऊ लागली आणि वाड्यांमध्ये चाळी उभ्या राहिल्या. झाडे गेली, नावे राहिली.

या वाड्यांपैकी खोताची वाडी आपल्या समाजाला विशेष जवळची. पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ती ओळखली जाते. त्यांच्या जमिनीतील तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांनी घेतले आणि तेथे लाकडी सज्जांची, मंगलोरी कौलांची, बाहेरून जिने असलेली टुमदार घरे बांधली. एके काळी अशी सुमारे पासष्ट घरे होती. आज त्यांपैकी तिसाहूनही कमी उरली आहेत. वाडीला वारसा परिसराचा दर्जा असूनही ही घट झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ईस्ट इंडियन समाज हा मुंबई, साष्टी आणि वसई येथील मूळचा भूमिपुत्र, आणि त्याची बोली मराठीचीच. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या कॅथलिकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्याने हे इंग्रजी नाव धारण केले. खोताच्या वाडीत या समाजाची आणि हिंदू समाजाची घरे भिंतीला भिंत लावून होती. नाताळातील कुसवारची ताटे आणि दिवाळीतील फराळाची ताटे एकाच गल्लीतून ये-जा करीत.

मुंबईच्या जुन्या कॅथलिक वस्त्यांतील नाक्यानाक्यांवर आजही क्रूस दिसतात. १८९६ साली प्लेगची साथ आली, तेव्हा रक्षणाची याचना म्हणून आणि पुढे कृतज्ञता म्हणून यांतील अनेक क्रूस उभारले गेले. मे महिन्यात त्यांच्यापुढे जपमाळ आणि लितानी होई. स्वर धरणारा एक आणि साथ देणारे चाळीस, ही समूहगायनाची शाळाच होती. तिच्यासाठी ना फी होती, ना प्रवेशपरीक्षा.

चाळीची गॅलरी

१८९३ साली गिरगावातील केशवजी नाईक यांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मुंबईतील सर्वांत जुन्या सार्वजनिक उत्सवांत त्याची गणना होते. अशा उत्सवांनी चाळीच्या चौकाला रंगमंच केले. मेळे, कीर्तने, व्याख्याने, हौशी नाटके आणि गाण्याच्या बैठका यांना येथेच पहिला प्रेक्षक मिळाला. खालच्या चौकात सतरंजी, वर तीन मजल्यांच्या गॅलऱ्या आणि कठड्याला टेकलेली माणसे, असे हे विनातिकीट नाट्यगृह होते. ज्यांच्या घरी तानपुरा ठेवायला कोपरा नव्हता, त्यांच्या कानांवरही येथे उत्तम गाणे पडले. ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवातील मैफली आणि लक्ष्मीबागेतील बैठका यांचा लौकिक मोठा होता.

या कानसेनांच्या वस्तीत संगीताच्या शाळाही आल्या. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोरनंतर १९०८ साली मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली काढलेली संगीतशाळा ऑपेरा हाउसजवळ होती. बालवयातील कुमार गंधर्व याच शाळेत घडले.

रंगभूमीचे घर म्हणजे केळेवाडीतील साहित्य संघ. मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना १९३५ साली झाली. डॉ. अ. ना. भालेराव यांनी त्याला नाटकाच्या कार्याची जोड दिली आणि १९६४ साली संघाचे नाट्यगृह उभे राहिले. पु. ल. देशपांडे यांचा जन्म शेजारच्याच गावदेवीचा. त्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या पुस्तकाने चाळीचे हसू आणि तिची हुरहुर दोन्ही घराघरांत पोहोचविली.

पडद्यावरचा प्रभू येशू

भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेतही गिरगाव आहे, आणि तिचा एक धागा आपल्या श्रद्धेशी जोडलेला आहे. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. काहींच्या मते तो नाताळचा सुमार होता, काहींच्या मते ईस्टरचा. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण दिसू लागले, असे फाळके यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातच कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ हाही १४ मार्च १९३१ रोजी येथील मॅजेस्टिकमध्येच लागला. एका धर्माची कथा पाहून दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपली कथा सांगण्याची प्रेरणा व्हावी, हे या वस्तीच्या स्वभावाला धरूनच झाले.

कूड आणि तियात्र

गिरगावहून दक्षिणेला चालत गेले की कॅव्हेल आणि धोबीतलाव येतात. बोटीवर, हॉटेलांत आणि बँडमध्ये काम शोधण्यासाठी आलेले गोवेकर येथे ‘कुडां’त राहत. कूड म्हणजे एका गावातील माणसांचे सामाईक निवासस्थान. प्रत्येकाची एक पेटी, झोपायला पथारीपुरती जागा, भिंतीशी गावच्या पालक संताची वेदी आणि तिच्यापुढे रोजची जपमाळ. जेर महाल ही इमारत अशा कुडांसाठी प्रसिद्ध आहे.

याच वस्तीच्या बळावर कोकणी तियात्राचा जन्म गोव्यात न होता मुंबईत झाला. १७ एप्रिल १८९२ रोजी लुकाझिन रिबेरो यांचे ‘इटालियन भुरगो’ न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात सादर झाले. प्रवेशांच्या मधोमध म्हटली जाणारी ‘कांतारां’ हे तियात्राचे वैशिष्ट्य. त्यांतून मालक, दलाल, पुढारी सर्वांचा समाचार घेतला जाई. काळबादेवीच्या भांगवाडीतील नाट्यगृह गुजराती नाटकाचे माहेरघर होते, तेथे तियात्रांचेही प्रयोग होत.

चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेल्या गोवेकर वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाची शिस्त दिली. त्यांतील अँथनी गोन्साल्विस यांनी भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला आणि १९५८ साली धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात तो श्रोत्यांपुढे मांडला.

बदल का झाला

गिरगाव रिकामे होत गेले त्याला कोणी एक जबाबदार नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूंना आधार मिळाला. मात्र त्याच भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. लाकडी तुळया कुजल्या, दर पावसाळ्यात भीती वाढली. दुसरीकडे मुलांची लग्ने झाली आणि एका खोलीत दोन संसार मावेनात. तरुण पिढी बोरिवली, डोंबिवली, वसई-विरारकडे गेली. प्रेक्षक गेला तसे नाटकांचे प्रयोगही दादर, पार्ले, ठाण्याकडे सरकले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला जादा चटईक्षेत्र दिले आणि चाळींच्या जागी उंच मनोरे येऊ लागले. भुयारी मेट्रोसाठीही काही जुन्या इमारती गेल्या. गिरगावचे मेट्रो स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले.

या बदलाकडे केवळ हळहळून पाहणे अन्यायाचे होईल. सामाईक शौचालयापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या वृद्धेला, टेकू दिलेल्या छताखाली झोपणाऱ्या कुटुंबाला पक्के घर मिळणे हा त्यांचा हक्क आहे. दुरून चाळ साजरी म्हणणाऱ्यांनी तिच्यात एक पावसाळा काढून पाहावा.

तरीही एक हिशेब राहून जातो. पुनर्विकासाच्या करारात प्रत्येक कुटुंबाचे क्षेत्रफळ फुटाफुटाने मोजले जाते. गॅलरीचे, चौकाचे, ओट्याचे क्षेत्रफळ कोणाच्याच नावावर नसते, म्हणून ते कोणी मागतही नाही. मनोऱ्यात घर मोठे होते आणि दार बंद राहते. उद्वाहनापाशी भेट होते, बैठक होत नाही.

काय टिकले, काय टिकवावे

सारेच संपलेले नाही. १९९३ साली बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाउस जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. केशवजी नाईक चाळीतील उत्सव शंभरी ओलांडून चालू आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला दूर गेलेले गिरगावकर आवर्जून परततात. खोताच्या वाडीत नाताळात आजही कंदील लागतात आणि उरलेल्या घरांतील रहिवासी ती राखण्यासाठी झटतात. मात्र वर्षातून एकदा परतणे आणि रोज संध्याकाळी कठड्याशी उभे राहणे यांत अंतर आहे.

वसईच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि ज्या वाड्यांत गिरगावची मुले राहायला आली, त्याच वाड्यांत आता इमारती चढत आहेत. आपल्या आळीतील क्रूस, विहिरीचा काठ, लग्नातील गाण्यांसाठी लागणारे अंगण यांचीही कागदोपत्री नोंद बहुधा नसेल. पुनर्विकासाच्या सभेला जेव्हा आपण बसू, तेव्हा आपल्या खोलीबरोबरच एका सामाईक दालनाची, एका ओट्याची मागणी लेखी करावी. धर्मग्रामांनीही आपली सभागृहे आठवड्यातून एक संध्याकाळ गाण्याला, नाटकाला आणि शेजारच्या इतर धर्मीयांना खुली ठेवावी. गिरगावातील कलेचा आरंभ अशाच, कोणा एकाच्या नसलेल्या जागेतून झाला होता.