ऑस्ट्रेलियाच्या वाङ्मयांतील आदिवासी

इ. स. १७८८ मध्यें सिडनी येथें इंग्रजांची पहिली वसाहत झाली, तेव्हां त्या खंडांत मनुष्यवस्तीला हजारों वर्षें लोटलीं होतीं. तथापि वसाहतवाल्यांच्या कायद्यानें ती भूमि बेवारस धरली. हा सिद्धान्त न्यायालयानें खोडून काढावयास १९९२ साल उजाडावें लागलें. ज्याची भूमि बेवारस, त्याला कथेंत तरी मान कोठून मिळणार? एकोणिसाव्या शतकांतील कादंबऱ्यांत आदिवासी बहुधा झाडीआडून भाला रोखणारा वैरी, नाहीं तर वाट दाखविणारा चाकर. सिडनीचें 'बुलेटिन' हें साप्ताहिक राष्ट्रीय वाङ्मयाचें माहेरघर. पण विसाव्या शतकाचा मध्य उलटेपर्यंत त्याचें ब्रीद होतें 'गोऱ्यांसाठीं ऑस्ट्रेलिया'. त्याच पत्रांत १९२८ सालीं कॅथरीन सुसाना प्रिचर्ड यांची 'कूनार्डू' ही कादंबरी क्रमशः आली. आदिवासी स्त्री व गोरा जमीनदार यांच्या प्रेमाची ती कथा वाचून कित्येक वाचक खवळले. अशा स्त्रीलाहि मन असतें, हें छापून येणें त्यांना सोसेना.

१९३८ सालीं ॲडिलेडला रेक्स इंगामेल्स यांनीं 'जिंडीवोरोबाक' हा कविसंप्रदाय काढला. इंग्लंडचें उसनें निसर्गवर्णन टाकून या मातीचे शब्द घ्यावे, असा त्यांचा आग्रह. हेतु स्तुत्य खरा. परंतु हे कवि गोरेच, आणि संप्रदायाचें नांव ज्या पुस्तकांतून उचललें त्याचें शीर्षकच 'नामशेष टोळ्या' अशा अर्थाचें! नामशेष झालेल्यांची भाषा घेतांना त्यांना विचारावें कशाला?

वस्तुतः त्याच प्रांतांत न्गारिंजेरी जमातीचे डेव्हिड युनाइपन हयात होते. लोकर कातरण्याच्या यंत्रांतील सुधारणेसाठीं १९०९ सालीं पेटंटचा अर्ज करणारे, गांवोगांव व्याख्यानें देणारे हे गृहस्थ. आपल्या लोकांच्या पुराणकथा जमवून त्यांनीं इंग्रजींत लिहिल्या. प्रकाशकानें तें हस्तलिखित विल्यम रॅम्से स्मिथ या डॉक्टराला विकलें, आणि १९३० सालीं लंडनला ग्रंथ निघाला तो डॉक्टरसाहेबांच्या नांवानें. युनाइपन यांचा त्यांत उल्लेखहि नव्हता.

१९६४ मध्यें कॅथ वॉकर यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. आदिवासी कवीचा हा पहिलाच. वैरी नाहीं, चाकर नाहीं; ज्यांच्याविषयीं आजवर लिहिलें गेलें, त्यांच्यांतीलच एक 'आम्ही' म्हणूं लागली. १९६७ च्या जनमतानें आदिवासींना शिरगणतींत धरण्याची आडकाठी गेली. पुढच्याच वर्षीं मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनीं नभोवाणीवरील व्याख्यानमालेंत, देशाच्या इतिहासलेखकांनीं पाळलेल्या मौनावर कठोर टीका केली.

युनाइपन मात्र त्या जनमताच्या तीन महिने आधींच, १९६७ च्या फेब्रुवारींत, निवर्तले होते. १९९५ पासून पन्नास डॉलरच्या नोटेवर त्यांचें चित्र आहे. त्यांच्या कथांचा ग्रंथ त्यांच्याच नांवानें छापला गेला तो २००१ सालीं.