बियाण्याचे दाणे

कामशेतच्या परिसरात, इंद्रायणीच्या काठाने व नाणे मावळाच्या खोऱ्यात, भात हेच मुख्य पीक. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी तेथील शेतकऱ्यापुढे किती पिकले यापेक्षाही अवघड असा एक प्रश्न उभा राहतो. हाती आलेल्या थोडक्या दाण्यांपैकी खावयाचे कोणते आणि पुढील पेरणीसाठी कणगीत राखावयाचे कोणते? घरात ओढग्रस्त असता बियाण्याला हात न लावणे यास धैर्य लागते. आणि किडका दाणा केवळ जुन्या मायेने बियाणे म्हणून जपणे हा अविचार ठरतो. पराभवातून सावरू पाहणारा कोणताही समुदाय, मग ते राज्य असो, संस्था असो वा क्रीडासंघ असो, याच पेचात सापडतो. भारतीय क्रिकेटच्या इतिहासात १९६७ ते १९७१ ही चार-पाच वर्षे अशा पेचाची होती. तो कसा सुटला, त्यासाठी किंमत कोणी मोजली, हे पाहणे उद्बोधक आहे.

१९६७ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि तिन्ही कसोटी सामने हरून परतला. लीड्स येथे फॉलोऑनची नामुष्की पत्करल्यावर दुसऱ्या डावात संघाने ५१० धावा उभारल्या. पहिल्या डावात ६४ धावा करणाऱ्या कप्तान मन्सूर अलीखान पतौडी यांनी या डावात १४८ धावा काढल्या. तरीही सामना गेला तो गेलाच. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाचा दौरा सुरू झाला व तेथे चारही सामन्यांत हार झाली. तेथून पुढे न्यूझीलंडमध्ये ३-१ असा विजय मिळाला. परदेशात मिळालेला हा भारताचा पहिलाच मालिकाविजय. तथापि जाणत्यांचे समाधान तेवढ्याने होण्यासारखे नव्हते. बलाढ्य प्रतिपक्षासमोर संघ कोसळतो, ही वस्तुस्थिती पालटली नव्हती.

या सुमारास निवड समितीचे अध्यक्षपद विजय मर्चंट यांच्याकडे आले. त्यांचे स्वतःचे चरित्र लक्षात घेतल्यावाचून त्यांच्या धोरणाचे मर्म कळावयाचे नाही. १९३३ पासून १९५१ पर्यंतच्या अठरा वर्षांत त्यांच्या वाट्याला कसोटी सामने आले ते अवघे दहा. ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने गिळली, पुढे प्रकृतीने साथ दिली नाही. आपला शेवटचा कसोटी सामना ते १९५१ साली दिल्लीस इंग्लंडविरुद्ध खेळले, तेव्हा त्यांनी वयाची चाळीस वर्षे नुकतीच पुरी केली होती. आणि त्या सामन्यात त्यांनी १५४ धावा केल्या. ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या. म्हणजे वय झाले म्हणून खेळाडू संपत नाही, याचा जिवंत दाखला स्वतः मर्चंटच होते. असा मनुष्य तरुणांचा कैवार घेऊन उभा राहिला, हे वरकरणी विपरीत वाटते. परंतु ज्याची उमेदीची वर्षे वाया गेली, त्यालाच उमेदीच्या वर्षांचे मोल अधिक कळावे, हे स्वाभाविकही आहे.

संघात जमेची बाजू कोणती होती? ती होती फिरकी गोलंदाजी. इरापल्ली प्रसन्ना, बिशनसिंग बेदी, श्रीनिवास वेंकटराघवन आणि भागवत चंद्रशेखर हे चौघेही त्या वेळी तिशीच्या आत होते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या दोन लागोपाठच्या मालिकांत मिळून प्रसन्नांनी ४९ बळी घेतले होते. घराचा पाया म्हणावा तो हाच. परंतु फिरकी गोलंदाज एकट्याच्या बळावर सामना जिंकू शकत नाही. वेगवान गोलंदाज यष्ट्या उखडतो. फिरकी गोलंदाजाचे बळी बहुधा फलंदाजाच्या बॅटीला वा पॅडला लागून उडालेल्या झेलांवर अवलंबून असतात. तो झेल टिपावयास फलंदाजाच्या पुढ्यात दोन-तीन हातांवर निधड्या छातीचा क्षेत्ररक्षक हवा. शिवाय या गोलंदाजांना झुंजावयास पुरेशा धावा पाठीशी हव्यात. तेव्हा नव्या बांधणीचा खरा प्रश्न ‘उत्तम खेळाडू कोण’ हा नव्हता. ‘असलेल्या पायावर कोणते खांब बसतील’ हा होता. उत्तमांची यादी करणे सोपे असते. परस्परांना पूरक माणसे हुडकणे कठीण.

१९६९ च्या शरद ऋतूत प्रथम न्यूझीलंडचा व नंतर ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला. या दोन मालिकांत मर्चंट यांच्या समितीने नव्या पोरांना मैदानात उतरविण्याचा सपाटाच लावला. चेतन चौहान, अशोक मांकड, अंबर रॉय, एकनाथ सोलकर, अशोक गंडोत्रा, गुंडाप्पा विश्वनाथ आणि मोहिंदर अमरनाथ ही सारी नावे त्याच मोसमात प्रथम कसोटीच्या फलकावर लागली. निकाल काय लागला? न्यूझीलंडसारख्या त्या वेळच्या दुबळ्या संघाशी मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली. नागपूरचा सामना तर भारताने गमावला. ऑस्ट्रेलियाने मालिका ३-१ अशी जिंकली. लोकांना विजय हवा होता आणि त्यांना दाखविण्यात येत होती ती नवी रोपे! टीकेचा भडिमार झाला तर नवल नव्हे.

परंतु त्याच मोसमात दोन दाणे खरे निघाले. नोव्हेंबर १९६९ मध्ये कानपूरला विश्वनाथ पहिल्या डावात शून्यावर बाद झाला व दुसऱ्या डावात त्याने १३७ धावा काढल्या. पहिल्या अपयशानंतर कप्तान पतौडी यांनी त्याला धीर दिल्याची हकीगत पुढे क्रिकेटशौकिनांत सर्वतोमुखी झाली. दुसरा दाणा म्हणजे सोलकर. हिंदू जिमखान्याचे मैदान राखणाऱ्या माळ्याचा हा मुलगा. मैदानाच्या कडेला वाढलेला, श्रीमंतांचा खेळ जवळून पाहत शिकलेला. त्याच्या फलंदाजीत नजाकत नव्हती, गोलंदाजीत दहशत नव्हती. परंतु शॉर्टलेगच्या त्या जीवघेण्या जागी तो उभा राहिला की बेदी व वेंकटराघवन यांच्या चेंडूंना जणू धार चढे. पुढे २७ कसोटी सामन्यांत त्याने ५३ झेल घेतले. धावांची सरासरी पाहून संघ निवडणाऱ्याला असा खेळाडू कधीच सापडला नसता.

यानंतरचा प्रश्न अधिक नाजूक होता, तो नेतृत्वाचा. पतौडी १९६२ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी कप्तान झाले होते. अपघातात एका डोळ्याची दृष्टी गमावूनही ज्या तेजाने ते खेळत, त्याला तोड नव्हती. भारतीय क्षेत्ररक्षणाला शिस्त लावण्याचे व फिरकीवर विश्वास टाकण्याचे श्रेयही त्यांचेच. उलटपक्षी मुंबईचे अजित वाडेकर. रणजी स्पर्धा वर्षानुवर्षे सलग जिंकणाऱ्या संघात मुरलेले, मितभाषी, हिशेबी. दोघांचाही जन्म १९४१ सालचा. म्हणजे येथे तारुण्य विरुद्ध वार्धक्य असा प्रश्नच नव्हता. जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीची मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने वाडेकर कप्तान झाले. पतौडी यांनी दौऱ्यातून माघार घेतली. काहींनी १९४६ चे जुने प्रकरण उकरून काढले. त्या वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यावर नेतृत्व मर्चंट यांना न मिळता थोरल्या पतौडींना मिळाले होते. त्याचा हा वचपा, अशी कुजबुज झाली. मनुष्याच्या अंतःकरणाचा झाडा कोणी घ्यावा? इतके मात्र खरे की, निर्णय घेणाराने लोकप्रियता मिळविण्यासाठी तो घेतला नव्हता. आणि वेस्ट इंडीजमध्ये संघ हरला असता तर सारे खापर त्याच्याच माथी फुटले असते.

वेस्ट इंडीजच्या दौऱ्याने जो धडा शिकविला तो केवळ ‘तरुणांना घ्या’ इतका सोपा नाही. संघात दिलीप सरदेसाई होते. मडगावात जन्मलेले, तिशी ओलांडलेले. ज्यांची कसोटीची कारकीर्द संपली असे पुष्कळांनी गृहीत धरले होते असे. सलीम दुराणीही होते, छत्तिशीत पोचलेले. या दोघांसाठी नव्या कप्तानाने आग्रह धरला, असे सांगतात. फेब्रुवारी १९७१ मध्ये किंग्स्टन येथे पहिल्या कसोटीत भारताची स्थिती ५ बाद ७५ अशी झाली. अशा वेळी जुना सरदेसाई व नवा सोलकर यांनी सहाव्या जोडीसाठी १३७ धावांची भागी केली. सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, सोलकरने ६१. वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. पावसाने पहिला दिवस वाया गेला असल्यामुळे १७० धावांची आघाडीही फॉलोऑन देण्यास पुरेशी आहे, हे वाडेकरांनी प्रतिपक्षाचे कप्तान गॅरी सोबर्स यांना जाऊन सांगितले. सामना अनिर्णित राहिला. परंतु त्या दिवशी कोण कोणाला भ्यावयाचे, हे ठरून गेले.

मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला दुसरा सामना झाला. बोटाच्या दुखण्यामुळे पहिल्या कसोटीस मुकलेला एकवीस वर्षांचा सुनील गावसकर येथे प्रथम उतरला व त्याने ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या. सरदेसाईंनी पुन्हा शतक ठोकले. दुसऱ्या डावात दुराणींनी क्लाइव्ह लॉइड व सोबर्स हे दोन मोलाचे बळी टिपले, वेंकटराघवन यांनी पाच गडी बाद केले आणि भारताने सात गडी राखून सामना जिंकला. वेस्ट इंडीजवर मिळविलेला हा भारताचा पहिला कसोटी विजय. मालिका १-०. गावसकरच्या चार सामन्यांत ७७४ धावा. सरदेसाईंच्या पाच सामन्यांत ६४२. एकाने पुढील सोळा वर्षांचा भार उचलला. दुसरा दोन वर्षांत कसोटीच्या मैदानातून निवृत्त झाला. परंतु १९७१ च्या त्या वसंतात पहिल्याला आसऱ्याची गरज होती आणि दुसऱ्याने तो दिला. नव्या रोपाला पहिल्या पावसात आडोसा लागतो. तो आडोसा जुन्या कुडाचा असला तरी चालतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलच्या मैदानावर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ धावांत संपविला. बालपणी पोलिओने ज्याचा उजवा हात दुबळा केला, त्याच हाताने हा पराक्रम झाला. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ ते कसोटीपासून दूर होते. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासही त्यांची निवड झाली नव्हती. त्यांना परत बोलावणे हे धाडस होते. सोलकरने पुढे झेपावून अ‍ॅलन नॉटचा जो झेल घेतला, त्याचे छायाचित्र पाहिलेला मनुष्य ते विसरत नाही. भारताने चार गडी राखून सामना जिंकला व इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी सामना आणि मालिका जिंकण्याचा मान मिळविला. श्रोत्यांपैकी ज्यांनी त्या संध्याकाळी आकाशवाणीवर त्या सामन्याचे समालोचन ऐकले असेल, त्यांना तो क्षण आजही आठवत असेल.

येथेच कथा संपविली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. १९७४ साली हाच संघ याच कप्तानाच्या हाताखाली इंग्लंडमध्ये तिन्ही सामने हरला. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात त्याच्या ४२ धावा झाल्या. लोकांनी वाडेकरांवर केलेली पुष्पवृष्टी विसरावयास तीन वर्षे पुरली. बांधलेले घर कायमचे नसते. दर काही वर्षांनी शाकारावे लागते. तसेच १९६९ च्या नव्या मुलांपैकी प्रत्येकाचे भले झाले असेही नाही. गंडोत्रा दोन व अंबर रॉय चार कसोटी सामने खेळून कायमचे बाजूस झाले. प्रयोग संघाने केला. त्याची किंमत यांनी मोजली. ज्या धोरणाचे आपण गोडवे गातो, त्याच्या पोटात अशी दुःखेही असतात, हे विसरू नये.

आणि तरीही काही दाणे जमिनीत दीर्घकाळ निजून मग उगवले. चेतन चौहान पुढे परतला आणि १९७९ साली ओव्हलवर त्याने गावसकरबरोबर पहिल्या जोडीसाठी २१३ धावांची भागी केली. मोहिंदर अमरनाथ १९६९ साली मद्रासला एक सामना खेळला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दुसऱ्या कसोटीसाठी त्याला सहा वर्षे तिष्ठत राहावे लागले. १९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा उपांत्य व अंतिम या दोन्ही सामन्यांत सामनावीराचा मान त्यालाच मिळाला. मर्चंट यांनी तो दाणा पेरून तेव्हा चौदा वर्षे होत आली होती.

कोणाभोवती घर उभारावे, याचे उत्तर या इतिहासातून मिळते ते असे. आज सर्वांत अधिक धावा कोण करतो, एवढ्यावरून खांब ठरत नाही. घर पुरे होईल त्या दिवशी कोण उभा असेल, हे पाहावे लागते. आपल्या पायाला कोण साजेल, हे पाहावे लागते. आणि मधल्या काळात नव्याला सावली देणारा जुना कोण, हेही पाहावे लागते. यांपैकी एकाच गोष्टीचा हट्ट धरणारा फसतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निवडणाऱ्याच्या अंगी पेरणी आणि कापणी यांमधील उपासाचे दिवस निमूटपणे काढण्याची ताकद हवी. कणगीतील बियाण्याकडे पाहत अर्धपोटी निजणाऱ्या मावळातील शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.